गुडघा सुटला, कंबर धरली: घरी आणलेल्या रोइंग मशीनचं एक प्रकरण

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण ज्यांचं आहे, त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे माधुरीताई म्हणू.

पार्श्वभूमी

माधुरीताई ५१ वर्षांच्या. एका सहकारी बँकेच्या नौपाड्यातल्या शाखेत अधिकारी. घर घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ, नवव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. घरात नवरा, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. आठ तास खुर्चीत, त्याआधी-नंतर मेट्रोच्या कामात अडकलेली बस. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली.

उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता. एक्स-रेमध्ये सुरुवातीची झीज. वजन ७४ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी लगेच सुरू केली नाही. "सहा महिने देतो. रोज चाला, वजन उतरवा," असं सांगितलं.

रोज चाला हे सांगायला सोपं. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर वीस मिनिटं झाली की गुडघा संध्याकाळी सुजायचा. कचराळी तलावाभोवतीचा ट्रॅक चांगला आहे, पण मानपाड्याहून तिथे जाऊन-येऊन तासभर मोडतो. आणि पावसाळा महिन्यावर आला होता. मुलगा कॉलेजच्या जिममध्ये रोइंग मशीनवर, म्हणजे सरकत्या सीटवर बसून नाव वल्हवल्यासारखं हँडल ओढायच्या यंत्रावर बसत असे. गुडघ्यावर आदळआपट नाही, सगळ्या अंगाला व्यायाम, घरातल्या घरात होतो, ही त्याची तीनही कारणं बरोबर होती. त्याने ऐरोलीहून जुनं, चुंबकीय ब्रेकचं मशीन २८,००० रुपयांना आणलं. मेच्या पहिल्या आठवड्यात ते हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी लागलं.

अडचण

माधुरीताई कामाला वाघ. पहाटे साडेपाचला उठून, चहाच्या आधी मशीनवर. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, तिसऱ्या आठवड्यापासून चाळीस. आठवड्यातले सहा दिवस. ताकद वाढावी म्हणून ब्रेकचा आकडा, म्हणजे हँडल ओढायला किती जड जाईल तो, ८ वर.

चार आठवड्यांत गुडघा हलका वाटायला लागला. जिना उतरताना कठडा धरावा लागत नव्हता. पाचव्या आठवड्यात मात्र सकाळी पलंगावरून उठताना कंबर धरली. मग वाकून बेसिनवर तोंड धुणं अवघड झालं, मग बसमध्ये उभं राहणं. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन गेले. पहाटेची घरघर आणि सीट पुढे आदळल्याचा ठोका त्यांच्या झोपायच्या खोलीत ऐकू येत होता. भांडण झालं नाही, पण ताईंना ते फार लागलं. नवऱ्याचं मत पडलं, "विकून टाक, चार पैसे येतील." सासूबाईंचंही तेच.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या.

पहिली भेट आणि माझा पहिला निर्णय

कळ पायात उतरत नव्हती, मुंग्या नव्हत्या, लघवीवरचा ताबा ठीक होता, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नव्हतं. पुढे वाकताना दुखायचं, मागे झुकल्यावर बरं वाटायचं. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले, नितंबांचे स्नायू कमजोर. कंबरेच्या स्नायूंवर आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर वाकण्याचा ताण साचल्याचं हे नेहमीचं चित्र होतं.

मी सांगितलं, "ताई, मशीन बंद. दोन आठवडे हे पाच व्यायाम करा, मग बघू."

हा पहिला निर्णय. बहुतेक फिजिओ हेच सांगतील, आणि दुखण्याच्या भरात काही दिवस थांबणं योग्यही होतं. माझं चुकलं ते पुढे. मशीनवर त्या नेमकं काय करत होत्या, हे मी विचारलंच नाही. रोइंग म्हटल्यावर कंबर दुखणारच, असं मनात धरून मी मोकळी झाले. स्पर्धेत वल्हवणाऱ्या खेळाडूंमध्येही कंबरेचं दुखणं सगळ्यांत जास्त दिसतं, ते शिकलेलं डोक्यात होतं. पण खेळाडूला कंबर का दुखली हे आपण विचारतो. एका बँकेतल्या बाईला मात्र मी "बंद करा" म्हणाले.

दोन आठवड्यांनी कंबर बरीच सुटली होती, पण चेहरा पडलेला. "डॉक्टर, कंबर सुधारली. पण मी पुन्हा मेच्या आधी होते तिथेच आले. गुडघा परत बोलायला लागलाय. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाच आठवडे एकही दिवस न चुकवता व्यायाम केला होता."

या वाक्यावर मी फाइल पुन्हा उघडली. मशीनवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, बाजूने काढलेला, पाठवायला सांगितला.

व्हिडिओत काय दिसलं

रोइंगच्या एका फेऱ्याचा क्रम ठरलेला असतो. पुढे येऊन हँडल पकडलेलं असताना आधी पाय रेटायचे. पाय जवळजवळ सरळ झाले की धड खुब्यातून थोडं मागे झुकवायचं, आणि सगळ्यांत शेवटी हात छातीखाली ओढायचे. परतताना उलटं: आधी हात लांब, मग धड पुढे, हात गुडघ्यांपलीकडे गेले की मगच गुडघे वाकवून सीट पुढे. जोराचा निम्म्याहून अधिक वाटा पायांचा. हात शेवटी, आणि थोडेच.

माधुरीताईंचा क्रम नेमका उलटा होता. आधी हातांचा हिसका, मग पाठ, पाय मागून. परतताना गुडघे आधी वर यायचे, म्हणून हँडल त्यांच्यावरून उचलून न्यावं लागायचं. सीट धाडकन पुढे येऊन थांबायची, खालच्या काकांना ऐकू जाणारा ठोका तो हाच. पुढच्या टोकाला त्या इतक्या आत शिरायच्या की टाचा पूर्ण उचललेल्या, गुडघे छातीला आणि पाठ कासवासारखी गोल. वेग मिनिटाला ३२ फेरे. म्हणजे चाळीस मिनिटांत बाराशेहून अधिक वेळा गोल पाठीने वाकून, ८ च्या ब्रेकविरुद्ध कंबरेने ओढणं.

आणि तेही पहाटे. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्यावरचा पहिला तास-दीड तास वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. दिवसा चालतं ते वाकणं उठल्याउठल्या महागात पडू शकतं.

हा क्रम त्यांच्या अंगात कुठून आला, याचं उत्तर त्यांनीच दिलं. बालपण संगमेश्वरकडचं, घरची विहीर. "मी तर पाणी शेंदल्यासारखं ओढत होते." विहिरीवर पाय रोवलेले असतात आणि दोर हाताने, पाठीने ओढायचा असतो. पन्नाशीतही शरीराने तेच आठवून केलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मशीनबरोबर शिकवणारं कोणी आलं नव्हतं. मुलगा स्वतः बरोबर करत होता, पण आईला बसवून तो कॉलेजला निघून जायचा.

पर्याय

जुलैच्या मध्यावर आम्ही चार पर्याय समोर ठेवले. मुलगाही सोबत होता.

पहिला, मशीन विकून स्थिर सायकल घेणं. गुडघ्याला चांगली, कंबरेला धोका कमी, शिकायला जवळपास काही नाही, आवाजही कमी. पाठीच्या वरच्या स्नायूंना आणि हातांना मात्र काही मिळत नाही. खरं सांगायचं तर माझा कल इकडे होता.

दुसरा, पोहणं. गुडघा आणि कंबर दोन्हींना उत्तम, पण महिलांची वेळ आणि बँकेची वेळ जुळेना. शिकायलाच दोन-तीन महिने गेले असते.

तिसरा, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं. फुकट आणि हाडांसाठी आवश्यक. मात्र एवढ्यावर दम वाढेल असं वाटत नव्हतं.

चौथा, मशीन ठेवायचं आणि शून्यापासून शिकायचं.

ताईंनी चौथा निवडला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सायकलवर मला बसल्यासारखं वाटतं. यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं." व्यायामाचे फायदे कागदावर कितीही असोत, जो केला जातो त्याचेच मिळतात. शिवाय पाच आठवडे अखंड केल्याचा पुरावा त्यांच्याकडे होता, सायकलीचा माझ्याकडे काहीच नव्हता. मी माझा कल बाजूला ठेवला.

अट एक घातली. आधी हाडांची घनता मोजायची. पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ असतील, तर गोल पाठीने जोरात वाकण्याने मणक्याला इजा होण्याची भीती असते. ही तपासणी पहिल्याच भेटीत सुचवायला हवी होती. डेक्सा स्कॅनमध्ये खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण वयातल्या हाडांशी तुलना करून मोजलेली घनता, उणे १.४ आला. उणे १ ते उणे २.५ हा विरळ हाडांचा टप्पा, त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. म्हणजे मशीनला मनाई नव्हती, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. बसून केलेल्या रोइंगमध्ये शरीराचं वजन सीट पेलते. खुब्याच्या हाडांना उभ्याने मिळतो तसा भार त्यातून मिळत नाही. एकट्या मशीनवर त्यांचं भागणार नव्हतं.

काय केलं

पहिले दहा दिवस मशीन चालूच केलं नाही. झाडूची काठी पाठीला लावायची: एक टोक डोक्याला, मधला भाग पाठीला, खालचा माकडहाडाला टेकलेला. काठी न सुटता खुब्यातून पुढे झुकायचं. पाठ न वाकवता झुकता येतं, हेच त्यांना नवीन होतं. चौथ्या दिवशी जमलं.

मग मशीनवर, तुकड्यातुकड्याने. नुसते पाय. मग पाय आणि धड. मग सगळं. विहीर विसरण्यासाठी दुसरं चित्र हवं होतं. मी म्हटलं, "ताई, भिंतीला टेकून बसलात आणि समोरचं गोदरेजचं कपाट पायांनी ढकलताय." हे लगेच लागू पडलं. तोंडाने म्हणायचं "पाय, कंबर, हात", आणि परतताना "हात, कंबर, पाय". सासूबाईंनाही ते पाठ झालं.

ब्रेक ८ वरून ३ वर. वेग मिनिटाला २०. मागे जाताना जोर, पुढे येताना सावकाश, दुप्पट वेळ घेऊन. गुडघ्यासाठी, सीट ज्यावरून सरकते त्या रेलवर लाल टेप लावली, सीट त्या खुणेच्या पुढे न्यायची नाही. त्यामुळे पुढच्या टोकाला नडगी साधारण उभी राहायची, गुडघा फार दुमडत नव्हता आणि पाठही गोल होत नव्हती. पायांचे पट्टे बोटांच्या सांध्यावरून जातील असे बांधले. ओढताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. रक्तदाब आधी मोजला, ठीक होता.

पहिला आठवडा तीन मिनिटांचे चार भाग, मध्ये एक मिनिट उभं राहून चालणं. ही उभी राहण्याची मिनिटं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात, कारण दमल्यावर पाठ गोल होते आणि ती गोल झाल्याचं बसलेल्याला कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. माधुरीताई मे-जूनमध्ये आठवड्याला २४० मिनिटं करत होत्या, म्हणजे आकडा बरोबर होता. शून्यावरून तिथे पोहोचायला त्यांनी जेमतेम पंधरा दिवस घेतले होते. आता तेच अंतर चार महिन्यांत जायचं ठरलं, आणि मिनिटांत मशीनबरोबर जेवणानंतरचं दहा-दहा मिनिटं चालणंही धरलं. हाडांसाठी आणि नितंबांसाठी आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं.

वेळेवर घरात बरीच चर्चा झाली. पहाटेची वेळ कंबरेसाठी आणि खालच्या काकांसाठी दोन्हीकडून गैरसोयीची. संध्याकाळी स्वयंपाक. शेवटी पोळ्या करायला बाई लावली आणि पावणेआठची वेळ निघाली. मशीनखाली जाड रबरी मॅट घातली. ताई स्वतः खाली जाऊन काकांना वेळ सांगून आल्या. क्रम सुधारल्यावर सीटचा ठोकाच बंद झाला होता, हे काकांनी आठवड्याभराने आपणहून सांगितलं.

गणपतीतला खंड

सहाव्या आठवड्यात गणपती आले. पाच दिवसांचा गणपती, घरात माणसं, मशीन उभं करून बेडरूमच्या दारामागे. पाहुणे गेल्यावरही ते तिथेच राहिलं. एकूण बारा दिवस मोडले. तेराव्या दिवशी ताईंनी मशीन एकटीने आडवं केलं आणि बुडालेले दिवस भरून काढायला सलग पंचवीस मिनिटं ओढलं. दुसऱ्या दिवशी कंबर पुन्हा धरली.

इथे सगळं सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. घरात "सांगत होतो ना" सुरू झालं. मलाही क्षणभर सायकल आठवली. पण व्हिडिओ मागवला तेव्हा पहिली दहा मिनिटं क्रम नीट होता, पुढे पाठ ढासळत गेली होती. म्हणजे क्रम अंगात उतरला होता, दमावर मात करून टिकण्याइतकी ताकद आली नव्हती. दोन पायऱ्या मागे आलो: चार दिवस फक्त चालणं, मग पुन्हा तीन मिनिटांचे भाग. मशीन उभं-आडवं करायचं ते दोघांनी, हाही नियम झाला. दहा दिवसांत कंबर सुटली. पहिल्या वेळी याच्या दुपटीहून जास्त दिवस लागले होते.

याच दिवसांत मुलाने आईला दत्तू भोकनळचे व्हिडिओ दाखवले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण आणलं. ताईंनी मला फोनवर उत्साहाने सांगितलं, "तो पुढे येतो तेव्हा अजिबात घाई करत नाही, बघा." मी आठ आठवडे जे सांगत होते, ते त्यांना त्या दिवशी दिसलं.

सहा महिन्यांनंतर

जानेवारीच्या मध्यावर त्या आठवड्यातून चार दिवस, आठ मिनिटांचे तीन भाग करत होत्या. ब्रेक ३ वरच. दिवसाला साधारण ४८० फेरे, बाराशेच्या जागी.

एचबीएवनसी ६.१ वरून ५.८. वजन ७१. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून उठणं-बसणं ९ वरून १४. सलग ३५ मिनिटं चालून गुडघा सुजत नाही. ऑक्टोबरनंतर कंबर एकदाच दुखली, तीही लग्नाला सात तास गाडीत बसल्यावर.

हे सगळं मशीनचं श्रेय नाही. चहातली साखर ऑगस्टमध्येच सुटली, रात्रीचा भात अर्धा झाला, चालणं वाढलं. माझ्या मते मशीनचा खरा हिस्सा दम आणि पाय यांत आहे. गुडघा पहिल्यांदा सुटला तो मशीनवर आणि त्या हलकेपणामुळे चालणं शक्य झालं. यंत्रावरचा कॅलरीचा आकडा आम्ही पाहिलाच नाही. ते यंत्र माणसाचं वजन विचारत नाही, मग तो आकडा त्यांचा कसा असेल?

खर्चाचा हिशेब

मशीन २८,०००, टेम्पो १,५००, मॅट १,८००. माझ्या भेटी आणि तपासण्या वेगळ्या. पोळीवाल्या बाईंचा महिन्याचा पगार हाही या व्यायामाचाच खर्च, आणि घराने तो मान्य केला म्हणून वेळ निघाली. साडेसात फूट जागा. पावसाळ्यात रेलवर आलेला गंज, तो दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावा लागला. दोन वेळची कंबरदुखी.

पुन्हा केलं तर

पहिल्या दिवशी व्हिडिओ. दुखणं कितीही साधं दिसलं तरी. दोन आठवडे त्यात वाचले असते, आणि त्यांनी आपणच कमी पडलो असं मानण्याचं कारण उरलं नसतं.

मशीन घरी आणण्याआधी महिनाभर कुठल्यातरी जिममध्ये, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली बसून बघायला हवं होतं. ठाण्यात हे आता अवघड नाही. आवडलं नसतं तर २८,००० वाचले असते.

सणांचा खंड मी आधी धरायला हवा होता. गणपती दरवर्षी येतात हे मला माहीत होतं, आणि खंडानंतर परत कसं सुरू करायचं हे मी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. ब्रेक ३ वर इतके महिने ठेवायला हवा होता का? ताकदीसाठी ५ पर्यंत जाता आलं असतं. टी-स्कोअर पाहून मी थांबले. पुढचा डेक्सा होईपर्यंत थांबणार आहे.

आता मार्च एंडिंग येतंय. बँकेत रात्री नऊ-नऊ वाजतील. या वेळी आधीच ठरवलं आहे: मार्चमध्ये आठवड्यातून दोनच दिवस, चार मिनिटांचे तीन भाग, बाकी दिवस जेवणानंतरचं चालणं. १ एप्रिलपासून आठवड्याला प्रत्येक भागात एक मिनिट वाढवायचं. बुडालेलं भरून काढायचं नाही. हे ताईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं आहे, आणि खाली सासूबाईंच्या सांगण्यावरून "मशीन दोघांनी उचलायचं" हेही.